झपझप तीन मिनिटं, सावकाश तीन मिनिटं

(सामुदायिक रेडिओवरच्या ‘आरोग्याच्या गप्पा’ या सकाळच्या कार्यक्रमात आमच्या गटानं केलेलं भाषण)

सकाळची कामं हातावेगळी करता करता ऐकत असाल, तर ऐकत राहा. हात थांबवायची गरज नाही. आज आम्ही वेळेबद्दल बोलणार आहोत आणि वेळ कानानं मोजायची सवय तुम्हा-आम्हाला आहेच. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करायचा, हे आपण घड्याळ बघून करत नाही. हात कणकेत असतात, डोळे दुधावर असतात आणि कान शिट्टीवर. मंगळागौरीच्या खेळातही तसंच. फुगडी जोरात, मग दम खायला एखादा बसून खेळायचा खेळ, मग पुन्हा झिम्मा. जोर आणि विसावा आलटून पालटून घ्यायचा, हे आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको.

तरीही व्यायामासाठी असा जोर-विसाव्याचा आवाज तयार करायला आम्हाला जवळजवळ सहा महिने लागले. मध्ये एक चूकही झाली. ती आधी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही.

आम्ही बचत गटातल्या चौदा जणी. वय सत्तावीसपासून अठ्ठावन्नपर्यंत. तिघींना साखरेचा त्रास, चौघींना रक्तदाब. गावात आरोग्य तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सगळ्यांना एकच सांगितलं, चाला. आम्ही चालायला लागलो. पण आपलं चालणं म्हणजे गप्पा. अर्धा तास कसा गेला कळायचं नाही आणि घामाचा थेंबही यायचा नाही. मग आमच्यातल्या एका धाकट्या मैत्रिणीनं मोबाइलवर एक व्यायाम बघितला. वीस सेकंद जीव तोडून उड्या, दहा सेकंद थांबायचं, असं आठ वेळा. सगळा मिळून चार मिनिटांचा खेळ. आम्हाला वाटलं, काय सोपं आहे! चार मिनिटांत काम फत्ते. तिनं घड्याळ लावून त्याचा आवाज मोबाइलवर भरला, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, आणि आम्ही देवळाच्या सभामंडपात उभ्या राहिलो.

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या, त्यांना आम्ही आक्का म्हणतो, त्या तिसऱ्या फेरीला थांबायला हव्या होत्या. थांबल्या नाहीत. मोबाइल ‘स्टार्ट’ म्हणत होता आणि बाकीच्या उड्या मारत होत्या, मग आपणच कसं थांबायचं? पाचव्या फेरीला त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्या खांबाला धरून खाली बसल्या. आम्ही पाणी दिलं, वारा घातला, घरी पोचवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब वाढलेला होता. देवाच्या दयेनं पुढं काही झालं नाही. पण संध्याकाळी त्यांचा मुलगा म्हणाला, “आई, बास झालं आता. काय व्यायाम करायचाय तो घरात कर.” त्याचं काही चुकलं नाही. आक्का दीड महिना आल्या नाहीत. आम्ही बोलवायला गेलो की म्हणायच्या, “माझ्यामुळं तुमचा खोळंबा कशाला? तुम्ही जावा.”

ते वाक्य आम्हाला लागलं. चूक आक्कांची नव्हती. आम्ही दुसऱ्या कुणासाठी केलेलं वेळापत्रक उचलून त्यांच्या कानाशी लावलं होतं.

नंतर आमच्या आरोग्यसेविका ताईंनी समजावून सांगितलं. हे वीस-दहाचं गणित जपानमधल्या इझुमी ताबाता नावाच्या शास्त्रज्ञांच्या नावानं ओळखलं जातं. त्यांचा अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. तो तरुण, कसलेल्या विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि तोही जागेवरच्या सायकलवर. त्यांना मुद्दाम दमवून टाकण्याइतका जोर त्यात होता. अठ्ठावन्न वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईनं सभामंडपात उड्या माराव्यात, असं त्यात कुठंही नव्हतं.

पण त्याच जपानमधला दुसरा एक अभ्यास ताईंनी सांगितला, तो मात्र आपल्या वयाच्या माणसांचा होता. मात्सुमोतो नावाच्या गावी शिन्शू विद्यापीठ आहे. तिथल्या हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि वयस्क लोकांना पाच महिने चालायला लावलं. त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या आणि सरासरी वय साठीच्या पुढं. काही जण एकसारखं मध्यम गतीनं चालले. काही जण तीन मिनिटं झपझप आणि तीन मिनिटं सावकाश, अशा पाच किंवा जास्त फेऱ्या, आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस चालले. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. आलटून पालटून चालणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद आणि दम जास्त वाढला, रक्तदाबही जास्त उतरला. आणि आमच्या कामाची गोष्ट अशी की त्या लोकांच्या कमरेला एक छोटं यंत्र लावलेलं होतं. गती बदलायची वेळ झाली की ते वाजायचं. म्हणजे त्यांनाही घड्याळ बघत चालायला सांगितलं नव्हतं. कानावरच काम होतं.

ते यंत्र आपल्याकडं नाही. पण आवाज तर आपण करू शकतो! तो कसा केला, ते आता पायरीपायरीनं सांगतो.

आधी कागद, मग मोबाइल

पहिलं काम कागद-पेनाचं. आमचं वेळापत्रक असं. सुरुवातीची 3 मिनिटं अंग मोकळं करायला सावकाश. मग 3 मिनिटं झपझप, 3 मिनिटं सावकाश. ही झाली 6 मिनिटांची एक फेरी. अशा 5 फेऱ्या, म्हणजे 30 मिनिटं. शेवटी पुन्हा 3 मिनिटं अगदी निवांत. एकूण 36 मिनिटं. कागदावर ओळीनं लिहा: 3 मिनिटांवर पहिलं झपझप, 6 वर सावकाश, 9 वर झपझप, 12 वर सावकाश, 15, 18, 21, 24, 27 आणि 30. आणि 33 मिनिटांवर ‘आता निवांत’.

नव्यानं चालायला लागलेल्या बाईनं पहिल्याच दिवशी पाच फेऱ्या करू नयेत. आम्ही पहिले दोन आठवडे दोन फेऱ्यांचा, मग तीन फेऱ्यांचा आवाज वापरला. झपझपची तीन मिनिटं जड जात असतील तर एकच मिनिट झपझप आणि तीन मिनिटं सावकाश करा. आपला आवाज आपण करतो आहोत, तेव्हा त्यातली मिनिटं आपल्या पायांना विचारून ठरवायची.

संगणक नसेल तर

दोघी जणी बसा. एकीसमोर सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि कागद. दुसरीसमोर पितळेची ताटली आणि चमचा. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि सलग 36 मिनिटं घड्याळाप्रमाणं ताटली वाजवत, शब्द बोलत बसा. बस्स. एवढ्यावर काम भागतं. आमचा दुसरा प्रयत्न असाच झाला होता. मध्येच कोंबडा आरवला आणि एकीला खोकला आला. तो खोकला पुढं दोन महिने रोज सकाळी आमच्याबरोबर चालत होता.

संगणक असेल तर

आपल्या रेडिओ केंद्रावर आवाज जुळवायला ऑडॅसिटी नावाची प्रणाली वापरतात. ती 2000 सालापासून सगळ्यांना फुकट मिळते. इथल्या ताईंनी दोन दुपारी बसून आम्हाला शिकवलं. शिकलो त्यातलं महत्त्वाचं तेवढं सांगतो.

त्यात आवाजाच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवता येतात. पहिल्या पट्टीवर ताल. दुसऱ्या पट्टीवर घंटा. तिसऱ्यावर बोलणं. आमची पहिली चूक अशी की आम्ही सगळं एकाच पट्टीत घुसवत गेलो. मध्ये ‘चला झपझप’ घातलं की त्याच्या पुढचं सगळं चार सेकंदांनी सरकायचं. अशा वीस सूचना घातल्या आणि 36 मिनिटांचा आवाज ऐंशी सेकंदांनी लांबला. मग कळेना, कागदावरचं घड्याळ आणि कानातलं घड्याळ जुळत का नाही! भाकरी थापताना मध्येच पीठ घातलं तर भाकरी मोठी होणारच. पीठ बाजूला ठेवायचं आणि वरून लावायचं. तसंच बोलणं वेगळ्या पट्टीवर ठेवा, म्हणजे खालची मिनिटं हलत नाहीत.

एक फेरी नीट मोजून बरोबर सहा मिनिटांची करा. मग तिची नक्कल करून पाच वेळा एकापुढं एक लावा. पाच वेळा वेगवेगळं बनवत बसू नका. काम झालं की मूळ काम जपून ठेवा आणि वाजवण्यासाठी एमपीथ्री वेगळी काढा. एमपीथ्री काढल्यावर तिच्यातली एक सूचना बदलायला पुन्हा सगळं जुळवावं लागतं. मूळ काम ठेवलं असेल तर पाच मिनिटांत बदल होतो.

एमपीथ्री काढताना दोन कानांचा वेगवेगळा आवाज नको, एकच ठेवा, त्याला मोनो म्हणतात. 64 केबीपीएसवर काढली तर 36 मिनिटांची फाइल साधारण 17 एमबीची होते. बटणांच्या साध्या मोबाइलमधल्या मेमरी कार्डावर ती आरामात मावते. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरी मोठ्या पडद्याचा मोबाइल एकच आहे आणि तो घरातल्या पुरुषाच्या किंवा पोराच्या खिशात असतो. व्यायामाची तयार ॲप्स असतात, पण त्यांना तो मोबाइल लागतो, इंग्रजी वाचता यावं लागतं आणि चालताना चष्मा लावून पडद्याकडं बघावं लागतं. साधा मोबाइल मात्र प्रत्येकीकडं आहे आणि त्याचा स्पीकर खणखणीत असतो.

घंटा कोणती

संगणक स्वतःच टूं असा सूर काढून देतो. आम्ही तो लावून बघितला. फार बारीक सूर लावला तर थोरल्या बायकांना नीट ऐकू येत नाही, कारण वय वाढतं तसं आधी बारीक सूर ऐकू येणं कमी होतं. फार जाड सूर लावला तर मोबाइलचा चिमुकला स्पीकर तो काढूच शकत नाही. म्हणून मधला सूर हवा.

मग एकीनं डोकं लढवलं आणि कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून लावली. आवाज झकास! पण पहिल्याच दिवशी शिट्टी झाली आणि तिघी जणी एकदम थांबल्या. एक म्हणाली, “अगं बाई, मी गॅस बंद केला का?” आणि परत घराकडं निघाली. शिट्टी रद्द.

शेवटी पितळेच्या ताटलीचा टोलच ठरला. झपझप सुरू करायला एक टोल, सावकाश सुरू करायला दोन टोल. शेजारून ट्रॅक्टर गेला आणि शब्द ऐकू आला नाही, तरी टोलावरून कळतं.

शब्द कोणते

‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ दोन्ही ‘स्ट’नं सुरू होतात. गडबडीत कोणतं कोणतं ते कळत नाही. ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ही वापरून बघितलं, पण कुणीतरी आपल्यावर ओरडतंय असं वाटायचं. ‘झपझप’ आणि ‘सावकाश’ हे शब्द पहिल्या अक्षरापासून वेगळे आहेत आणि त्यांच्या उच्चारातच त्यांची चाल आहे. झपझप म्हटलं की पाऊल उचलतं. सावकाश म्हटलं की खांदे उतरतात.

सूचना वेळेच्या पाच सेकंद आधी द्या, टोल बरोबर वेळेवर. “आता झपझप होणार...” आणि मग टण्. झपझपच्या शेवटच्या मिनिटाला एकदा “एक मिनिट राहिलं” म्हणा. त्यानं धीर येतो. सावकाशच्या तीन मिनिटांत काही बोलू नका. तेवढ्यात बायकांना आपसात बोलायचं असतं.

रेकॉर्डिंगसाठी आम्ही आतल्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि गिरणी सुरू व्हायच्या आत काम उरकलं. गोधडी आवाज पिते, त्यामुळं घुमत नाही. तोंड मोबाइलपासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला ठेवा. नाहीतर ‘झपझप’मधला प फुग्यासारखा फुटतो.

ताल आणि शांतता

पहिल्यांदा आम्ही मधली मिनिटं अगदी शांत ठेवली होती. दोन अडचणी आल्या. एक, बायकांना वाटायचं मोबाइल बंद पडला आणि त्या बटणं दाबून बघायच्या. दोन, एकीनं ब्लूटूथचा छोटा स्पीकर आणला होता. काही स्पीकर बराच वेळ शांतता राहिली की स्वतःच बंद होतात. काही जागे व्हायला क्षणभर घेतात आणि तेवढ्यात पहिला टोल गिळतात. म्हणून आता आमच्या आवाजात पूर्ण शांतता कुठंच नाही. सगळीकडं टाळ वाजतो, कुठं जोरात, कुठं हलका.

सिनेमाची गाणी घातली नाहीत. ती दुसऱ्यांच्या मालकीची असतात आणि रेडिओवर वाजवायची तर परवानगी लागते. शिवाय गाणं आपल्या मिनिटात संपत नाही. टाळ आपलाच, वाजवणारीही आपलीच. वारीत मैलोन् मैल लोक टाळावर पावलं टाकतात, तेव्हा टाळ चालायला किती मदत करतो हे आपल्याला ठाऊक आहे.

झपझपसाठी मिनिटाला साधारण 110 टाळ आणि सावकाशसाठी 80, असं आम्ही धरलं. मिनिटाला शंभर पावलं ही बऱ्यापैकी भराभर चाल मानली जाते. पण टाळाला गुलाम होऊ नका. कुणाचा पाय लांब, कुणाचा आखूड, कुणाचा गुडघा दुखरा. आपली झपझप आपणच ओळखायची. त्याची खूण अशी: झपझप चालताना चार शब्द बोलता आले पाहिजेत, पण ओवी म्हणता येऊ नये. ओवी म्हणता आली तर चाल कमी पडते आहे. दोन शब्दही फुटत नसतील तर चाल जास्त झाली, लगेच कमी करा. मोबाइल काहीही म्हणो.

वळायची घंटा

आता सगळ्यात महत्त्वाचं. आक्कांना परत आणायचं कसं? त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, चाला, झेपेल तेवढं, उड्या नकोत. मुलगाही तयार झाला. पण आक्काच तयार होईनात. “मी मागं पडते. मग तुम्ही थांबता. मला ते बरं वाटत नाही.” आणि हे फक्त आक्कांचं नव्हतं. आमच्यातल्या आणखी दोघींनी हेच कारण मनात ठेवून येणं सोडलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं.

आम्ही मारुतीच्या देवळापासून निघतो आणि ओढ्याच्या रस्त्यानं जातो. आधी आम्ही ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊन वळायचो. म्हणजे भराभर चालणारी आधी पोचायची आणि पुलावर उभी राहायची. उभी राहून बघायची, कोण मागं आहे. मग एक जण म्हणाली, “पुलापर्यंत कशाला जायचं? वेळ अर्धी झाली की जी जिथं असेल तिथून वळू दे.”

किती साधी गोष्ट! भराभर चालणारी लांबवर गेलेली असेल, सावकाश चालणारी जवळ असेल. एका घंटेवर दोघी वळल्या तर दोघी एकाच वेळी देवळाशी येणार. जिनं जास्त अंतर जायचं तिनं जास्त जाऊन यायचं, वेळ मात्र सगळ्यांची एकच. कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

आम्ही 18 व्या मिनिटाला वळायची घंटा घातली. पहिल्या दिवशी आवाज संपला तेव्हा देऊळ अजून शंभरेक मीटर लांब होतं! सगळ्यांचीच वाट थोडीथोडी राहिली होती. मग कागद काढून बसलो. जाताना झपझपचे तीन भाग आणि सावकाशचे दोन येत होते. येताना झपझपचे दोन आणि सावकाशचे तीन. म्हणजे जाताना अंतर जास्त कापलं जात होतं. घंटा अर्धा मिनिट अलीकडं आणली, 17 मिनिटं 30 सेकंदांवर, आणि हिशेब जुळला. जिची झपझप चाल तिच्याच सावकाश चालीच्या दीडपट असेल, तिला ही घंटा बरोबर लागू पडते, मग ती एकूण भरभर चालणारी असो की हळू. तुमच्या फेऱ्या वेगळ्या असतील तर एकदा चालून बघा आणि घंटा पुढंमागं करा. ही घंटा तीन टोलांची ठेवली आहे. ती वेगळ्या पट्टीवर ठेवा, कारण ती एकदाच वाजते, प्रत्येक फेरीत नाही.

यासाठी प्रत्येकीकडं, निदान प्रत्येक जोडीकडं, मोबाइल हवा आणि सगळ्यांनी देवळाशी एकदम बटण दाबायचं. चार-पाच सेकंदांचा फरक पडला तरी बिघडत नाही.

आणि एक गोष्ट केली. ‘सावकाश’ हा शब्द आक्कांच्या आवाजात रेकॉर्ड केला. त्या आधी नको म्हणत होत्या. आम्ही म्हटलं, “आक्का, थांबा म्हटलेलं आम्ही कुणाचं ऐकत नाही, तुमचं ऐकू.” त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा जरा हसत म्हणाल्या, “बायांनो, आता सावकाश.” तेच ठेवलं.

आता रोज सकाळी ओढ्याच्या रस्त्यावर सात-आठ मोबाइलमधून आक्कांचा आवाज येतो आणि आम्ही सगळ्या चाल कमी करतो. आक्का स्वतःसुद्धा. परवा देवळाच्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, “आता कुणाला माझ्यासाठी थांबावं लागत नाही.” त्या दिवशी आम्ही चौदाच्या चौदा जणी पायरीवर होतो.

काही गोष्टी जपून

रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, दडपण आलं, डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा दम लागून बोलणंच बंद झालं, तर त्याच क्षणी थांबा आणि सोबतिणीला सांगा. थांबायला घंटेची वाट बघू नका. त्रास ओसरला नाही तर घरी न जाता थेट दवाखाना गाठा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बायकांनी पदराच्या गाठीला साखर किंवा गूळ बांधूनच निघावं. अचानक घाम सुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं तर साखर खायची आणि बसायचं.

कानात दोन्ही बाजूंनी इयरफोन घालून रस्त्यावर चालू नका. पहाटेच्या अंधारात मागून येणारी गाडी आणि कुत्रं कानालाच आधी कळतं. मोबाइल हातात किंवा कमरेच्या पिशवीत, स्पीकर सुरू. निदान दोघी जणी नेहमी बरोबर असा. रस्ता सोडू नका, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चाला.

मैत्रिणींनो, आमच्या आवाजातली मिनिटं तुम्हाला तशीच्या तशी लागू पडतील असं नाही. तुमच्या गावाचा रस्ता वेगळा असेल, चढ असेल, ऊन लवकर होत असेल. म्हणून आमची फाइल घ्या, पण तुमची तुम्ही बनवा. मेमरी कार्ड घेऊन इथं केंद्रावर या. बुधवारी दुपारी आम्ही तिघी-चौघी असतोच. येताना आणखी एक काम करा. तुमच्या गटात सगळ्यात हळू चालणारी कोण, तिला बरोबर आणा. तिला विचारून मिनिटं ठरवू आणि जमलं तर तिचाच आवाज भरू.

उद्या पहाटे चालायला निघाल तेव्हा आमची आठवण काढा.